किती फूट?

सांगलीत जुलै लागला की माणसं एकमेकांना ‘बरंय का’ असं विचारत नाहीत, ‘किती?’ म्हणून विचारतात. भाजीवाली विचारते, रिक्षावाला विचारतो, आमच्या पतसंस्थेतला शिपाई सकाळी शटर वर करता करता विचारतो. उत्तर फुटांत द्यायचं. कुठले फूट ते सांगावं लागत नाही, कारण गावाला मोजपट्टी एकच, कृष्णेवरचा आयर्विन पूल. ४० ला इशारा, ४५ ला धोका. आमच्या घरातलं पाच वर्षांचं पोरही हे आकडे पाढ्यांच्या आधी शिकतं.

माझं सासर सांगलीवाडीचं, म्हणजे पुलापलीकडचं. लग्न होऊन आले तेव्हा मला हा पूल काही विशेष वाटला नव्हता. माहेर चिपळूण, लहानपण वाशिष्ठीच्या काठावर गेलेलं, त्यामुळं पूल म्हणजे रोजचाच. पण आमचे मामा, म्हणजे सासरे, या पुलाबद्दल घरातल्या थोरल्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलायचे. पूल १९२९ चा. सांगली संस्थानच्या पटवर्धन राजेसाहेबांनी बांधला आणि व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विनच्या हातून उघडला, म्हणून नाव आयर्विन. मामांचे वडील पूल व्हायच्या आधी भाजीची पाटी घेऊन नावेनं सांगलीच्या बाजाराला जायचे. पावसाळ्यात नाव बंद झाली की वांगी घरातच खायची. ‘आयर्विन झाला आणि आमच्या घरची वांगी संपली,’ असं मामा सांगायचे आणि स्वतःच हसायचे. पुराच्या दिवसांत गुळाची काहील पाण्यात सोडून माणसं काढायचे, तेही त्यांनी पाहिलेलं. काहील म्हणजे उसाचा रस आटवायची भली मोठी कढई. कोकणातल्या पोरीला हे खरं वाटेना. २००५ ला खरं वाटलं.

त्या वर्षी पाणी ५३ फुटांच्या वर गेलं. २०१९ ला ५७ च्याही वर. पूर आला की पुलाच्या कठड्यावर चढून पोरं कृष्णेत उड्या टाकतात आणि अर्धी सांगली ते बघायला पुलावर जमते. पोलीस शिट्ट्या मारतात, तरी पोरं उड्या टाकतातच. माझ्या नवऱ्यानंही टाकल्यात, हे मला लग्नानंतर दहा वर्षांनी कळलं. तेही त्यांच्या मित्राकडून.

हे सगळं आज लिहायला बसले, त्याला कारण माझा दादा. दादा कोकण रेल्वेत ट्रॅकमन होता. आमची थोडी जमीन रुळात गेली, त्यातून त्याला नोकरी लागली. कामथ्याच्या बाजूला त्याची बरीच वर्षं गेली. तो निवृत्त झाला आणि घरात बसून वहिनीला भंडावून सोडायला लागला. मग डिसेंबरात वहिनीचाच फोन आला, ‘तू ये आणि यांना कुठंतरी फिरवून आण.’ मी कुंभार्ली घाटानं चिपळूणला उतरले. दादाला विचारलं, कुठं जायचं? मला वाटलं गणपतीपुळे म्हणेल. तो म्हणाला, ‘बाय, पूल बघूया.’

भावाबहिणीनं दोन दिवस मारुती गाडीतून पूल बघत फिरायचं, याला वेड म्हणतात. वहिनीनं डबा दिला आणि दार लावून घेतलं.

पहिला दिवस उत्तरेकडं. खेडला जगबुडी नदी. जुन्या मुंबई-गोवा महामार्गावरचे हे पूल सगळे एका घडणीचे, अरुंद आणि दोन्ही टोकांना वळण. बांधणाऱ्यांनी नदीचं पात्र आवळलेली जागा शोधली, तिथं पूल टाकला आणि रस्ता त्या जागेपर्यंत वळवून आणला. बैलगाडीला आणि एखाद्या मोटारीला त्याचं काही वाटत नव्हतं. रात्री भरधाव येणाऱ्या लक्झरीला वाटतं. १९ मार्च २०१३ ला गोव्याहून मुंबईला निघालेली एक बस जगबुडीच्या पुलावरून खाली गेली, ३७ माणसं गेली. तिथं आम्ही थांबलो नाही. दादानं फक्त गाडी हळू केली.

महाडला मात्र थांबलो, आणि बराच वेळ थांबलो.

सावित्रीचा पूल मला ओळखीचा. धाकटी बहीण बोरिवलीला असते. तिच्याकडं जाताना चिपळूणहून रात्रीची एसटी पकडायची, महाडच्या आसपास डोळा लागायचा आणि पुलावर गाडी चढली की चाकांच्या आवाजानं तो उघडायचा. दगडी कमानींचा पूल, १९२८ चा. आमच्या आयर्विनपेक्षा एका वर्षानं मोठा. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री तो पडला. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या दोन एसट्या आणि एक मोटार, सगळं अंधारात नदीत गेलं. पूल पडलाय हे पहिल्यांदा कळलं ते जवळच्या गॅरेजवरच्या माणसाला. तो रस्त्यात उभा राहिला आणि येणाऱ्या गाड्या अडवत राहिला. त्यानं किती जीव वाचवले याची मोजदाद कोण करणार?

पुढचे दिवस आठवतात. गढूळ पाण्यात एसट्या सापडेनात. शेवटी क्रेनला ३०० किलोचं लोहचुंबक बांधून नदीत सोडलं, नौदलाचे पाणबुडे उतरले. वाहून गेलेली माणसं खाडीतून पार समुद्रापर्यंत गेली होती, हरिहरेश्वरला, आंजर्ल्याला सापडली. मी सांगलीत टीव्हीसमोर बसले होते. राजापूर-बोरिवली ही माझी गाडी. त्या रात्रीची नव्हे, पण माझीच.

आता तिथं नवा पूल आहे, १६५ दिवसांत उभा केला. जून २०१७ ला वाहतूक सुरू झाली. गाडी बाजूला लावून आम्ही चालत गेलो. वारा होता, ट्रक गेला की पायाखाली थरथर जाणवत होती. डिसेंबरातली सावित्री बघून कुणाला खरं वाटणार नाही. पाणी घोट्याएवढं, मधे वाळूचे पट्टे, एक बाई काठावर गोधडी आपटत होती.

मी म्हटलं, ‘मे महिन्यातच तर पाहणी झाली होती म्हणे. धोका नाही, असं सांगितलं होतं.’

दादा म्हणाला, ‘मे महिन्यात काय दिसणार? आत्ता बघ, काय दिसतंय?’

मला कमानीच्या पुलाचं तंत्र त्यानंच तिथं समजावलं, कठड्याला टेकून, चिवडा खात. दगडी कमानीत लोखंड नसतं. दगड दगडाला दाबून धरतो, एवढाच तिचा जीव. मधोमध जो बसवतात तो कळीचा दगड. आपण ‘कळीचा मुद्दा’ म्हणतो तो यातलाच असणार, हे मला पन्नाशी उलटल्यावर पुलावर उभं राहून सुचलं. वरून वजन आलं की कमान उलट घट्ट होते. म्हणून ही जुनी कामं बैलगाडीसाठी बांधली तरी ट्रक सोसतात. पण तिला एक गोष्ट अजिबात सोसत नाही, पाय हलणं. खांबाच्या पायथ्याला पाणी आपटतं, दोन्ही बाजूंनी फिरतं आणि बुडाशी भोवरा करून गाळ-वाळू उकरून नेतं. पूर उतरताना तो खड्डा नव्या वाळूनं भरून जातो. उन्हाळ्यात बघायला गेलं तर सगळं जागच्या जागी. खड्डा असतो तो पुराच्या ऐन रात्री, आणि तेव्हा खाली बघायला कोणी जाऊ शकत नाही.

‘आम्हाला शिकवलेलं,’ दादा म्हणाला, ‘पाणी किती चढलं हे तर बघायचंच. पण पाणी फिरतंय कसं ते बघायचं. कालपर्यंत खांबाजवळ सरळ जात होतं आणि आज गरगरतंय, तर गाडी थांबव.’

रेल्वेच्या खांबांवर पातळीच्या खुणा रंगवलेल्या असतात, पाणी धोक्याच्या खुणेला लागलं की गाड्या बंद. आता कोकण रेल्वेनं काही पुलांवर यंत्रं बसवलीत. माणगाव आणि वीरच्या मधे काळ नदीवर, वीर आणि सापे-वामनेच्या मधे याच सावित्रीवर, आणि आमच्या चिपळूण आणि कामथ्याच्या मधे वाशिष्ठीवर. पाणी वाढलं की यंत्र आपोआप कळवतं. तरी पावसाळ्यात माणूस रूळ चालतोच. दादाच्या काळात हातात बॅटरी, लाल-हिरवा दिवा, शिट्टी आणि फटाके. फटाके म्हणजे दिवाळीचे नव्हेत. रुळावर बांधायचे, इंजिनाचं चाक त्यावर गेलं की मोठा आवाज होतो आणि ड्रायव्हर गाडी थांबवतो. अंधारात, वाऱ्यात, छत्री उघडता येत नाही अशा पावसात एका माणसानं चालत जायचं, पुढच्या गस्तवाल्याला भेटायचं, वहीवर सही घ्यायची आणि परत फिरायचं. आई रात्री झोपायची नाही. मला हे लग्नाआधी माहीत नव्हतं, मीही त्याच घरात झोपलेली असायचे.

सावित्रीकडं बघताना आणखी एक गंमत मनात होती. ही नदी आमची. म्हणजे साताऱ्याची. जुन्या महाबळेश्वरात पंचगंगेच्या देवळात कृष्णा, कोयना, वेण्णा, गायत्री आणि सावित्री पाचही एकत्र दाखवतात. कृष्णा, वेण्णा आणि कोयना पूर्वेच्या अंगाला वळून शेवटी एक होतात. सावित्री तेवढी रुसली आणि कड्यावरून पश्चिमेला उडी टाकून कोकणात गेली, अशी कथा आहे. सासरी आल्यावर पहिल्यांदा महाबळेश्वरला गेले तेव्हा पुजाऱ्यानं ती सांगितली आणि सासूबाई माझ्याकडं बघून म्हणाल्या, ‘तुमच्याकडची दिसतेय.’ एकाच डोंगराचं पाणी एका बाजूनं १९२८ च्या पुलाखालून जायचं आणि दुसऱ्या बाजूनं १९२९ च्या. एक पूल गेला, दुसऱ्यावरून मी पुढची कित्येक वर्षं कामाला जात होते. महाड झाल्यावर राज्यभर जुन्या पुलांच्या तपासण्या निघाल्या. आयर्विनवर जड वाहतुकीला बंदी आहे. पण त्या ऑगस्टात पुलावरून जाताना मी स्कूटर मुंगीच्या पावलानं चालवायचे. जणू माझ्या स्कूटरच्या वजनानंच काही होणार होतं!

कोयनेचं तर आणखी अवघड. तिच्यावर धरण बांधलं आणि तिचं बरंचसं पाणी सह्याद्रीच्या पोटातून बोगद्यानं पश्चिमेला फिरवलं. पोफळीला वीज करून ते पाणी वाशिष्ठीला मिळतं. म्हणजे पाऊस साताऱ्यात पडतो आणि चिपळूणच्या पुलाखालून जातो. धरण भरलं की उरलेलं दरवाज्यांतून कऱ्हाडकडं, कृष्णेत, आणि मग आमच्याकडं. माझं माहेर आणि सासर एकाच नळाच्या दोन तोट्यांवर आहे, असं मी नवऱ्याला म्हणते. त्यांना हा विनोद आवडत नाही. २०२१ नंतर मलाही तेवढा आवडत नाही.

२२ जुलै २०२१. सकाळी वहिनीचा फोन आला, पाणी बाजारपेठेत शिरलं, आम्ही वरच्या मजल्यावर आहोत, आई बरी आहे. दादा? दादा ड्यूटीवर. मग फोन बंद. चिपळूण बुडालं होतं. वाशिष्ठीनं रेल्वेच्या पुलावर धोका ओलांडला होता आणि गाड्या जागच्या जागी थांबवल्या होत्या. म्हणजे दादा आणि त्याच्यासारखे कोणीतरी तिथं उभे होते, हे मला कळत होतं. कुठं उभे होते ते कळत नव्हतं. बहादूरशेख नाक्याजवळचा महामार्गावरचा जुना पूल खचल्याची बातमी आली. त्या पुलावरून आम्ही लहानपणी उन्हाळ्याच्या सुट्टीत आईबरोबर चालत गेलेलो.

निघायचं म्हटलं तरी निघायचं कसं? पाटणच्या बाजूला त्याच रात्री आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथं दरडी कोसळल्या, माणसं गाडली गेली. घाटाकडं जायचा प्रश्नच नव्हता. आणि इकडं आयर्विनचा आकडा चढायला लागला. सकाळी एक, दुपारी एक, रात्री एक. २०१९ चा चिखल भिंतींतून अजून पुरता निघाला नव्हता. आम्ही गॅसची टाकी, कागदपत्रं, मामांचा फोटो आणि शेजाऱ्यांची म्हैस घेऊन निघालो. म्हैस आमची नव्हती, पण तिला आमच्याच पोराची सवय. तिला माझ्या नणंदेच्या विश्रामबागच्या घराशेजारी एका मोकळ्या प्लॉटमधे बांधली. त्या कॉलनीतल्या लोकांची तोंडं बघण्यासारखी झाली होती.

पाणी ५४ च्या वर जाऊन थांबलं. मी दोन फोन हातात घेऊन बसले होते. एकावर सांगलीच्या पातळीचे मेसेज, दुसऱ्यावर चिपळूणचा नंबर, सारखा ‘संपर्क क्षेत्राबाहेर’. तिसऱ्या दिवशी दादाचा फोन लागला. मी ‘हॅलो’ म्हणायच्या आधी तो म्हणाला, ‘किती?’

मी म्हटलं, ‘चोपन्न. तुझ्याकडं?’

‘उतरलं. आई चहा मागतेय, गॅस वाहून गेलाय.’

तेव्हा मी रडले. आईसाठी नाही, त्या गॅससाठी.

दुसऱ्या दिवशी दक्षिणेला गेलो. संगमेश्वरला शास्त्री नदी, पुढं बावनदी. महामार्ग चौपदरी करताना सगळीकडं जुन्याच्या शेजारी नवे सरळसोट पूल झालेत किंवा होतायत. मला ते नवे पूल काही ओळखू येत नाहीत, गाडी कुठल्या नदीवरून गेली ते पाटी वाचल्याशिवाय कळत नाही. जुन्या पुलावर वळण यायचं, गाडी हळू व्हायची, म्हातारी माणसं नदीला हात जोडायची, कोणी खिडकीतून नाणं टाकायचं. आता नमस्कार करायला वेळच मिळत नाही. दादाला हे पटलं नाही. ‘वळणावर माणसं मेलीत, बाय. नाणं टाकायला पूल नसतो.’ यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं आणि अजूनही नाही. तरी मला वळणच आवडतं.

दादाला मला पानवल दाखवायचं होतं. रत्नागिरीजवळ दरीवरून गेलेला रेल्वेचा पूल, ४२४ मीटर लांब, ६४ मीटर उंच. खाली उभं राहून वर बघितलं की मान मोडते. अशा दरीत खालून आधार देत पूल बांधणं कठीण, म्हणून एका काठावर काँक्रीटचा एकेक तुकडा ओतायचा आणि सगळा सांगाडा जॅकनं ढकलत ढकलत खांबांवरून पलीकडं न्यायचा. आपल्या देशात या पद्धतीनं झालेला हा पहिला पूल. दादा नवीन लागला होता तेव्हा साहेब लोकांनी त्यांना तो मुद्दाम दाखवायला नेलं होतं. इथं पाण्याची भीती नाही, वाऱ्याची. पुलावर वारा मोजायचं यंत्र आहे, वारा फार झाला की गाडी सोडत नाहीत. आम्ही खाली उभे असताना एक गाडी वरून गेली. आवाज उशिरा आला. दादानं घड्याळ बघितलं आणि म्हणाला, ‘बारा मिनिटं लेट.’ निवृत्त होऊनही माणूस सुटत नाही.

परत येताना, आरवलीच्या अलीकडं, सोडून दिलेल्या जुन्या रस्त्याच्या तुकड्यावर त्यानं गाडी घेतली. तिथं एक दगडी मोरी होती, पूलही म्हणता येणार नाही एवढी, एकच कमान. खालून पऱ्या, म्हणजे छोटा ओढा, वाहत होता, वर गवत. नव्या रस्त्यावरून ट्रक जात होते, इकडं कुत्रंही नव्हतं. दादा चपला काढून खाली उतरला, कमानीखाली जाऊन वर बघितलं, दगडांवर हात फिरवला. मी वरून ओरडले, ‘साप असेल, वर ये.’

‘काम बघ कसलं आहे,’ तो म्हणाला. ‘चुन्यातलं आहे. सांधा अजून धरून आहे.’

एका सांध्यात पिंपळाचं वीतभर रोप आलं होतं. दादानं ते दोन्ही हातांनी धरून ओढायला सुरुवात केली. मी म्हटलं, अरे या मोरीवरून आता जातंय कोण? त्यानं ऐकल्यासारखं केलं नाही. गाडीतून पाना आण म्हणाला. मी आणून दिला. पान्यानं सांधा न दुखवता माती उकरली, पुन्हा ओढलं, आणि रोप मधेच तुटलं. मूळ आत राहिलं.

‘पावसाळ्यात परत येणार हे,’ दादा म्हणाला. हात पऱ्यात धुतले, वर आला, चपला घातल्या. मग गाडी सुरू करता करता मला विचारलं, ‘ऑगस्टात येशील का इकडं?’

मी म्हटलं, ‘आयर्विन किती असेल त्यावर.’